तगर गेले, तेर राहिले

गेल्या काही वर्षांत आपल्या शहरांच्या कारभाऱ्यांना एका गोष्टीचा ध्यास लागला आहे : शहराच्या मध्यवस्तीला नवे जीवन द्यायचे. त्यासाठी आराखडे निघतात, बैठका होतात, वर्तमानपत्रांत रंगीत चित्रे छापून येतात. त्या चित्रांत रुंद पदपथ असतात, जुन्या वाड्याच्या दरवाजावर प्रकाशझोत असतात, बसायला दगडी बाके असतात आणि त्या बाकांवर कोणत्याही देशात शोभतील अशी सडपातळ माणसे असतात. मी अशी चित्रे लक्ष देऊन पाहतो. मला त्यांत एक गोष्ट हवी असते आणि ती बहुधा सापडत नाही. ती म्हणजे दोरीवर वाळत घातलेले कपडे. जिथे माणसे राहतात तिथे कपडे वाळतात. जिथे ती नुसती येऊन जातात तिथे वाळत नाहीत. चित्रकाराच्या हातून ही चूक नजरचुकीने होते असे मला वाटत नाही. ज्या कल्पनेचे ते चित्र असते तिच्यातच कपडे वाळत घालणाऱ्याला जागा ठेवलेली नसते.

मराठीत आपण शहराच्या जुन्या, मधल्या भागाला मध्यवस्ती म्हणतो. शब्द मोठा चांगला आहे. वस्ती त्याच्या पोटातच आहे. पण आराखडे वाचू लागले म्हणजे असे दिसते की, आपण त्यातला ‘मध्य’ तेवढा उचलला आणि ‘वस्ती’ खाली ठेवून दिली. मध्याला भाव आहे, वस्तीला नाही. या लेखात मला या साऱ्या कल्पनेची थोडी परीक्षा करावयाची आहे. त्यासाठी वाचकांना मी आधी पुण्यामुंबईला नेणार नाही. धाराशिवपासून वीसएक किलोमीटरवर, तेरणा नदीच्या काठी वसलेल्या तेर या गावी नेणार आहे. दिवाळीच्या सुटीत मुलाबाळांना घेऊन जाण्यासारखे ते गाव आहे, हा त्यात आणखी एक लाभ.

तेरला गेल्यावर डोळ्यांत भरतात ती मातीची टेकाडे. मराठवाड्यातला कोणीही शेतकरी सांगेल की जमीन दोन प्रकारची : काळी आणि पांढरी. काळी पिकते, पांढरीवर गाव वसते. पिढ्यान्‌पिढ्या घरे बांधली जातात, पडतात, त्यांची माती होते, त्या मातीवर पुन्हा घरे उभी राहतात. अशा रीतीने पांढरी वाढत जाते. तेरची पांढरी दोन हजार वर्षांपेक्षा जुनी आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. लिहिणाऱ्याचे नाव कोणाला ठाऊक नाही. पण त्याचे लक्ष बारीक होते. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे शहर, असे तो सांगतो. तगराहून साधे कापड, मलमल आणि आणखी पुष्कळ माल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलुखातून भडोचला जाई आणि तिथून जहाजांवर चढे. हे तगर म्हणजेच आपले तेर.

पण हे ओळखायलाही विसावे शतक उजाडावे लागले. तोवर विद्वानांत तगर कुठले यावर वाद चालू होता. कोणी दौलताबाद म्हणे, कोणी जुन्नर, कोणी धारूर. १९०१ साली फ्लीट या पंडिताने तगर म्हणजे तेर हे दाखवून दिले. त्यानंतर लगेच हेन्री कझिन्स येथे येऊन विटांची देवळे पाहून गेले. त्रिविक्रमाचे देऊळ, ज्याची मागची बाजू अर्धगोल आहे, ते मुळात बौद्धांचे चैत्यगृह असावे असे मत तेव्हापासून मांडले जाते. १९५८ मध्ये येथे उत्खनन झाले, पुढे साठीच्या दशकातही झाले. आणि सर्वांत मोठे काम केले ते गावच्याच एका माणसाने. रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीतून वर येणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षे वेचून जपल्या. त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय आज तेरला आहे. तिथे मणी आहेत, नाणी आहेत, भाजलेल्या मातीच्या बाहुल्या आहेत आणि एक हस्तिदंती बाहुली आहे. अगदी तिच्या बहिणीसारखी दिसणारी हस्तिदंती मूर्ती १९३८ साली इटलीत, पाँपेईच्या राखेत सापडली. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीखाली गाडले गेले. तशीच एक जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही मिळाली आहे. म्हणजे आपल्या मुलुखातल्या कारागिरांचा हात रोमन घरांपर्यंत पोचला होता, असे मानायला पुष्कळ आधार आहे.

एवढे मोठे शहर गेले कुठे? एकच कारण सांगता येत नाही. रोमशी चालणारा व्यापार ओसरला, राजसत्तेची ठाणी बदलली, माल दुसऱ्या वाटांनी जाऊ लागला. पण मला या कथेतला पुढचा भाग अधिक बोलका वाटतो. पुढे कित्येक शतकांनी कोकणात आणि कोल्हापुराकडे शिलाहार राजे राज्य करू लागले. हे राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. तगर या श्रेष्ठ नगराचे स्वामी! राहत होते ठाण्याला आणि कोल्हापूरला, बिरुद मिरवीत होते तगराचे. नाव घ्यायला पुष्कळ होते, राहायला कोणी नव्हते. शहराचा वारसा मिरवण्याची आज जी हौस निघाली आहे, तिचे हे आपल्याकडचे बरेच जुने उदाहरण म्हणता येईल.

मात्र बिरुदाने शहर जगत नाही. जगले ते तेर, आणि ते कशाने जगले याची खूण एका कुंभाराच्या घरात आहे. गोरोबाकाका ज्ञानदेव-नामदेवांच्या काळातले, तेरचे. तेरणेच्या काठी त्यांची समाधी आहे आणि चैत्र वद्यात तिथे यात्रा भरते. गोरोबाकाकांच्या दोन कथा महाराष्ट्रातल्या लहान मुलालाही ठाऊक असतात. एक, त्यांनी थापटणे घेऊन संतांची डोकी मडक्यांसारखी वाजवून पाहिली आणि नामदेवाचे मडके कच्चे निघाले. दुसरी, विठ्ठलाच्या नादात माती तुडवताना त्यांच्या पायांखाली रांगते मूल आले. कीर्तनकार या कथांतून भक्तीचा अर्थ सांगतात आणि तो खराच आहे. पण या कथा घडतात कुठे, याकडेही एकदा पाहावे. मातीचा आळा, चाक, आवा, चूल, रांगते मूल, दारात आलेले पाहुणे, सगळे एका अंगणात. काम आणि घर यांमध्ये भिंत नाही. दुसऱ्या कथेतला आकांत तर नेमका त्यामुळेच घडतो. कुंभाराला माती जवळ लागते, पाणी जवळ लागते आणि मडके घेणारा चालत येईल इतका जवळ लागतो. मडके घेणाऱ्यालाही कुंभार तितकाच जवळ लागतो. हे दोन्ही जिथे जुळते तिथे पांढरी टिकते. तगराचा व्यापार दूरच्या गिऱ्हाइकावर होता, तो गेला. कुंभाराचा व्यवहार शेजाऱ्यावर होता, तो राहिला.

इथे एक खुलासा केला पाहिजे, नाहीतर जुन्या गावगाड्याचे गोडवे गाण्याचे पाप माझ्या माथी येईल. बलुतेदारीत सोयी जवळ होत्या हे खरे. पण त्या जन्माने वाटलेल्या होत्या आणि जो सर्वांत कष्टाची सेवा करी त्याचे घर मात्र गावकुसाबाहेर असे. मध्यवस्तीत कोणी राहायचे हा प्रश्न आपल्या गावांनी फार पूर्वी सोडवला होता, आणि तो अन्यायाने सोडवला होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी खेड्याचा उदोउदो करणाऱ्यांना जे कठोर शब्द सुनावले, ते या अनुभवातून आलेले होते. म्हणून ‘जुने ते परत आणा’ हे उत्तर मला मान्य नाही. परत आणायचे ते जवळपण, उतरंड नव्हे.

हा फरक किती महत्त्वाचा आहे हे याच मुलुखाने फार मोठी किंमत मोजून पाहिले. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती, गणपती विसर्जून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतली गावे भूकंपाने जमिनीला मिळाली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद. ज्या घराने उन्हापासून पिढ्यान्‌पिढ्या जपले त्यानेच रात्रीत गाडले. सुमारे आठ हजार माणसे गेली.

त्यानंतर सरकारने जागतिक बँकेच्या मदतीने जे काम केले ते लहान नव्हते. ५२ गावे नव्या जागी संपूर्ण नव्याने वसवली. भूकंपाला टिकतील अशी घरे दिली. जमिनीच्या मानाने २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट अशी घरांची तीन मापे ठरली. जुन्या गावात गल्ली अरुंद म्हणून ढिगाऱ्यांतून सुटता आले नाही, म्हणून नवे रस्ते रुंद आखले. सरळ रेषा, काटकोन, मोकळ्या जागा. कागदावर पाहिले तर दोष काढायला जागा नाही.

पण अशा एका नव्या गावात, दुपारी, ओट्यावर बसलेल्या एका आजींना मी विचारले, “आजी, घर कसं वाटतंय?” त्या म्हणाल्या, “घर चांगलं हाय की बाबा. भिंत पडत न्हाई, भ्याव न्हाई. पर हाक मारली तर कुणाला आयकू जात न्हाई.” मी म्हटले, “शेजार आहे ना?” तर हात लांब करून त्यांनी रस्त्यापलीकडचे घर दाखवले. “त्ये बगा, तितं हाय शेजार.” उन्हाने तापलेला तो रुंद रस्ता आम्ही दोघे थोडा वेळ पाहत राहिलो.

या नव्या गावांचा अभ्यास करणाऱ्यांनीही पुढे हेच लिहिले : शहरी वसाहतीसारखी चौकटीची आखणी गावकऱ्यांच्या जगण्याला मानवली नाही, अंतरे वाढली, पार आणि चौक यांभोवतीची जुनी गुंफण तुटली. भीती खरी होती आणि सुरक्षित घर हवेच होते. त्यावर वाद नाही. पण सुरक्षितपणा भिंतीत असतो, रुंदीत नसतो. चांगल्या भिंतींची घरे जवळजवळही बांधता आली असती. ज्यांनी आखणी केली त्यांनी घरे मोजली, शाळा-दवाखान्याच्या जागा नेमल्या, रस्ते मोजले; हाक किती लांब ऐकू जाते हे मोजले नाही.

आता पुण्याला जाऊ. पुण्याची मध्यवस्ती ओस पडल्यावर पुन्हा वसवण्याचे काम पूर्वीही झाले आहे. आदिलशाही सरदाराने पुणे उद्ध्वस्त करून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला आणि पुढे जिजाबाईंनी बालशिवाजीच्या हातून तिथे सोन्याचा नांगर फिरवला, ही परंपरेने आलेली कथा घराघरांत सांगितली जाते. नांगर हे चिन्ह झाले. त्यामागे खरे काम होते ते माणसांना परत बोलावण्याचे, ‘इथे या, राहा, आम्ही पाठीशी आहोत’ असे सांगण्याचे. पेशव्यांच्या काळात हेच काम रीतसर झाले. नवी पेठ वसवायची तर शेटे-महाजनांना कौल दिला जाई. येऊन राहणाऱ्या उदम्यांना आणि कारागिरांना काही वर्षे करांत सूट मिळे. कौल हा शब्द आज आपण देवाला लावतो किंवा निवडणुकीला. त्या कौलात सरकारने माणसाला दिलेले अभय होते.

आणि नुसत्या कौलावर काम भागले नाही. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधवून तिथून नळाने पाणी शहरात आणले आणि ठिकठिकाणी हौद बांधले. पेठेत बाईला घागर घेऊन चालत जाता येईल इतक्या अंतरावर हौद. आजच्या भाषेत सांगायचे तर आधी सेवा दिली, मग रहिवासी आले. किंवा दोन्ही हातात हात घालून आले. कसब्यात तांबट आळी, बुरूड आळी, कुंभार वेस ही नावे अजून आहेत. ती नावे म्हणजे कोण कुठे राहून काय करीत होते याची नोंदवहीच आहे.

आजचे चित्र काय? वाडे पाडून इमारती झाल्या. पुष्कळ ठिकाणी खालच्या मजल्यांवर दुकाने आणि वरच्या मजल्यांवर गोदामे, कार्यालये, शिकवण्या. मुले कोथरूडला, पुढे बाणेरला गेली, मागे आईवडील राहिले आणि जिने चढवेनासे झाल्यावर तेही गेले. २०२४ च्या सप्टेंबरात भुयारी मेट्रो कसबा पेठ आणि मंडईच्या खालून स्वारगेटपर्यंत धावू लागली. ही मोठी सोय आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. पण मेट्रो हा आजचा कात्रजचा नळ आहे की नाही, हे एकाच गोष्टीवर ठरेल. तिच्यामुळे पेठेत येऊन राहणे सोपे होते, की पेठेतून लवकर बाहेर पडणे सोपे होते? सोबत कौल नसेल, म्हणजे साध्या मिळकतीच्या माणसाला परवडेल असे भाड्याचे घर नसेल, तर स्टेशनाशेजारची जमीन महाग होईल आणि उरलेसुरले रहिवासीही हलतील. पाणी आणून माणसे घालवल्यासारखे होईल ते.

मुंबईत तर हे घडून गेले आहे. आकडेच पाहा. मुंबई बेटाची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या शहराची, लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ३३ लाख ३८ हजार होती. २०११ मध्ये ती ३० लाख ८५ हजारांवर आली. दहा वर्षांत अडीच लाख माणसे कमी झाली, आणि त्याच दहा वर्षांत त्याच बेटावर उंच मनोरे मात्र वाढत गेले. घरे उंच झाली, माणसे कमी झाली. हे कोडे सोडवल्याखेरीज मध्यवस्तीविषयी बोलण्यात अर्थ नाही.

कोड्याचा एक भाग जुना आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. त्या काळी ते आवश्यक होते. नाहीतर गिरगाव-लालबागचा चाकरमानी रस्त्यावर आला असता. पण भाडे दहा रुपयांवर थांबले आणि चुन्या-लाकडाचे भाव थांबले नाहीत. मालकाने डागडुजी सोडली. चाळी खचू लागल्या. १९६९ मध्ये दुरुस्तीसाठी खास मंडळाचा कायदा करावा लागला. पुढे पुनर्विकास आला. जुन्या भाडेकरूला नवे घर मिळाले, पण त्याच्या मुलाचे लग्न झाले म्हणजे शेजारची खोली भाड्याने घेण्याची वाट बंद झाली. गिरगावची पुढची पिढी डोंबिवलीला, विरारला गेली. शाळांचे पट रोडावले. आणि शाळेचा पट रोडावला की नव्या बिऱ्हाडाला तिथे येण्याचे आणखी एक कारण कमी होते. माणसे गेली म्हणून सोय गेली आणि सोय गेली म्हणून आणखी माणसे गेली, असा हा उतार आहे.

दुसरा भाग गिरणगावचा. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. त्यांच्याखाली शहराच्या अगदी मध्यभागी सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या नियमांत एक शहाणपणाची वाटणी होती : जमीन विकसित करताना एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश सर्वसामान्यांच्या घरांसाठी म्हाडाला, एक तृतीयांश मालकाला. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या जमिनींचा एकत्र विचार करावा असे सुचवले. मग २००१ मध्ये नियमाला एक दुरुस्ती झाली. वाटणी करायची ती फक्त गिरणीच्या आवारात आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची. जिथे शेड उभी आहे ती जागा वाटणीत नाही. एवढासा शब्दांचा फेर. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तो टिकला. लोकांच्या वाट्याची मैदाने आणि घरे त्या फेरात बारीक झाली. काही गिरणी कामगारांना पुढे सोडतीत घरे मिळाली. बहुतेकांची वाट पाहण्यात हयात गेली. जिथे भोंगा वाजे तिथे मॉल उभे राहिले. मॉलमध्ये काम करणारी मुलगी मात्र रात्री शेवटची लोकल पकडून अंबरनाथला जाते.

इथे मला आपल्या साहित्याविषयी दोन शब्द बोलायचे आहेत, कारण हे मासिक साहित्याचे आहे आणि दोष फक्त सरकारच्या दारात टाकून हात झटकणे बरे नव्हे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याच्या चाळी’वर (१९५८) तीन पिढ्या हसल्या आणि तिच्या शेवटच्या चिंतनाशी हळव्या झाल्या. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) तरुण मास्तर धनगरांच्या वाडीला जीव लावतो, गावाकडून तालीम बांधवून घेतो, तिच्या उद्‌घाटनाला औंधचे राजेसाहेब येतात, आणि मग दुष्काळ येतो, वाडी उठते, तालीम मागे राहते. किती मोठी गोष्ट माडगूळकरांनी किती थोडक्यात सांगितली आहे! सोय बांधली, पण पोटाला नसले तर सोय माणसाला धरून ठेवीत नाही. प्रत्येक नगररचनाकाराने हे पुस्तक वाचावे असे मला मनापासून वाटते.

पण या थोर पुस्तकांच्या मागून जे वाङ्मय आले त्याचे काय? दरसाल दिवाळी अंकांतून वाड्यांच्या, चाळींच्या आठवणी आपण वाचतो. चौकातला प्राजक्त, सामाईक नळावरची भांडणे, गच्चीवरचे पापड. लिहिणारा कुठे राहतो? उपनगरात, लिफ्ट असलेल्या इमारतीत. मीही त्यांतलाच आहे; मीही असे लेख लिहिले आहेत आणि त्यांना वाचकांची पत्रे आली आहेत. या हळहळीत खोटे काही नाही. दोष इतकाच की तिने आपल्याला फार लवकर समाधान मिळते. शिलाहारांना जसे ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेतल्यावर तगरला जाऊन राहण्याची गरज उरली नव्हती, तसे आपले झाले आहे. आठवण लिहिली की ऋण फिटले. मग त्याच चाळीच्या जागी कोणाची घरे होणार, त्या शाळेचे काय होणार, या रुक्ष प्रश्नांकडे आपण पाठ फिरवतो. मराठी लेखकाने मध्यवस्तीवर प्रेम पुष्कळ केले. तिच्या भाडेपावतीकडे मात्र फारसे पाहिले नाही.

१९६१ साली न्यूयॉर्कच्या जेन जेकब्झ या बाईंनी अमेरिकन शहरांच्या मरणा-जगण्यावर एक पुस्तक लिहिले. त्या काही नगररचनेच्या पदवीधर नव्हत्या. आपल्या घराच्या खिडकीतून रस्ता पाहून त्यांनी सांगितले की, जिथे घरे, दुकाने, कामे एकमेकांत मिसळलेली असतात आणि दिवसभर या ना त्या निमित्ताने माणसे ये-जा करतात, तो रस्ता जिवंत आणि सुरक्षित असतो. जगभर या पुस्तकाची वाहवा झाली. आपल्याकडच्या कुठल्याही आजीला हे ठाऊक होते, फक्त तिने ते लिहिले नव्हते. म्हणून मी म्हणतो की ज्ञान कमी नाही. कमी आहे ती कौल देण्याची तयारी.

काही वाचक विचारतील, मध्यवस्तीत आधीच जीव घुसमटणारी गर्दी आहे, तिथे आणखी माणसे आणायची? हा आक्षेप रास्त आहे. पण गर्दी आणि वस्ती एक नव्हे. लक्ष्मी रस्त्यावर किंवा चर्चगेटला सकाळी अकरा वाजता जी दाटी असते ती राहणाऱ्यांची नसते. लांबून आलेल्यांची आणि त्यांच्या गाड्यांची असते. तीच माणसे कामाजवळ राहिली तर ती पायी येतील. दाटी कमी करण्याचा एक मार्ग माणसांना घालवणे हा असेल. दुसरा, त्यांची रोजची पायपीट आणि लोकलची लोंबकळ वाचवणे हा आहे.

तेव्हा माझी कसोटी साधी आहे. ती मी गोरोबाकाकांच्या थापटण्यावरूनच घेतली आहे. मध्यवस्तीच्या नवजीवनाचा कोणताही आराखडा समोर आला की त्यावर तीन टपल्या माराव्या. जो इथे दिवसा काम करतो, दुकानातला नोकर, दवाखान्यातली परिचारिका, झाडूवाला, त्याला इथे भाड्याने राहता येईल का? त्याचे मूल पायी जाईल अशी चालती शाळा, उघडा दवाखाना, मंडई आणि स्वच्छ शौचकूप इथे राहणार आहेत का? आणि त्याची जात, धर्म, पगार पाहून दार लावले जाणार नाही याची हमी कोण देतो? तिन्ही वेळा पक्का आवाज आला तर मडके पक्के. नाहीतर कितीही रंग लावा, ते कच्चेच.

तेरच्या संग्रहालयात ती हस्तिदंती बाहुली काचेआड उभी आहे. फार सुंदर आहे; मुलांना दाखवावीच. तिथून नदीकडे गेले की गोरोबाकाकांची समाधी लागते आणि तिथे माणसे येत-जात असतात. बाहुली ज्या शहराची, ते जगाशी व्यापार करून गेले. समाधी ज्या माणसाची, तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना मडकी देत जगला, आणि गाव राहिले.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्या शहराच्या मध्यभागातून एक फेरी मारून पाहा. दुकानांवर विजेच्या माळा असतील, पेढ्यांत पूजा होऊन शटरे खाली आलेली असतील. त्यांकडे नका पाहू. वर, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांकडे पाहा, आणि उंबऱ्याशी कोणी हाताने लावलेल्या किती पणत्या दिसतात ते मोजा. मुलांना बरोबर न्या; मोजायला त्यांना आवडते. पुढच्या वर्षी पुन्हा मोजा. पणत्या वाढल्या तर आराखडा बरा होता असे समजायला हरकत नाही.